रोजच्या ड्युटीतले संत

वसईतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, वाडीतले केळीचे लोंगर कधी उतरवले, सगळं त्याच्यावरच लिहिलं जातं. काही तारखांखाली बारीक अक्षरांत नावं छापलेली असतात. ३१ जुलैला संत इग्नेशियस, १ ऑक्टोबरला संत तेरेजा, १८ ऑक्टोबरला संत लूक, ३ नोव्हेंबरला संत मार्टिन. लहानपणी ही नावं म्हणजे सण आणि गोडधोड, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स झाले. सारी नोकरी मेडिसिन वॉर्डात गेली आणि ती नावं मला तिथे नव्याने कळत गेली.

वॉर्डातल्या मावशी आणि बरोबरच्या सिस्टर विचारायच्या, "तुमच्यात संत म्हणजे नक्की कोण? नवस बोलायचा तो का?" प्रश्न रास्त होता. इतर धर्माच्या माणसांना कॅथलिक संत भेटतात ते बहुतेक नवसाच्या वाटेनेच. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचा हात किंवा मेणाचं घर वाहायचं, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला उभं राहायचं, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून संत अँथनीपुढे मेणबत्ती लावायची. मीही हे सगळं केलं आहे आणि त्यामागच्या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे. पण संतांकडे जायची आणखी एक वाट आहे. त्यांनी हातातलं साधं काम कसं केलं ते बघायचं आणि त्यातलं आपल्याला आज जमेल तेवढं करायचं. या वाटेला मेणबत्ती लागत नाही, धर्माचीही अट नाही. म्हणून ती सगळ्यांना सांगावीशी वाटते.

संत ठरतात कसे?

महाराष्ट्राला संत नवे नाहीत. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांना संत ठरवायला कुठली समिती बसली नव्हती. लोकांनी त्यांचे अभंग तोंडी ठेवले आणि पंढरीची वाट चालती ठेवली. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतही असंच होतं. श्रद्धेपायी ज्यांचा जीव घेतला गेला, त्यांच्या थडग्यापाशी लोक दरवर्षी त्यांच्या मृत्यूच्या दिवशी जमत. बऱ्याच संतांचा सण मृत्यूच्या तारखेला किंवा तिच्या आसपास येतो, तो त्या प्रथेमुळे. पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली नोंद सन ९९३ ची आहे. जर्मनीतल्या आउग्सबर्गचे बिशप उलरिक हे ते संत.

आता मात्र ही चौकशी लांबलचक असते. सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षं थांबतात. मग त्या भागातले बिशप साक्षी नोंदवतात, पत्रं, लेखन, जुने कागद गोळा करतात. देवाचा सेवक, वंदनीय, धन्य आणि शेवटी संत अशा पायऱ्या आहेत. 'धन्य' होण्यासाठी एक चमत्कार आणि संतपदासाठी आणखी एक मानला जातो. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्याला पहिल्या चमत्काराची अट नसते. हा चमत्कार बहुतेक वेळा एखाद्या आजाऱ्याचं बरं होणं असतो. आधी डॉक्टरांचं मंडळ केसपेपर तपासतं आणि वैद्यकशास्त्राने याचा उलगडा होतो का ते पाहतं. सगळी हयात केसपेपर सांभाळण्यात गेलेल्या माझ्यासारखीला हा भाग फार आवडतो.

चर्चने जुन्या दंतकथाही चाळून घेतल्या आहेत. १९६९ मध्ये संतांच्या कॅलेंडरची फेररचना झाली, तेव्हा ज्यांच्याविषयी भरवशाची माहिती फारच थोडी होती अशा काहींचे सण जागतिक यादीतून काढले गेले. प्रवाशांचे लाडके संत ख्रिस्तोफर त्यांतलेच. त्यांची भक्ती बंद झाली नाही, पण इतिहास आणि आख्यायिका यांतला फरक मान्य झाला. आपणही संतचरित्र वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. ज्याची नोंद आहे ते एवढं मोलाचं आहे की अद्भुत कथांची गरजच भासत नाही.

हातात झाडू घेतलेला मार्टिन

मार्टिन द पोरेस १५७९ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात जन्मला. वडील स्पॅनिश उमराव, आई गुलामगिरीतून सुटलेली काळी स्त्री. त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचं नाव नाही. बारा वर्षांचा असताना आईने त्याला न्हाव्याकडे शिकायला ठेवलं. त्या काळचे न्हावी केस कापत, तसेच जखमा बांधत, दात काढत, औषधपाणीही करत. ही विद्या घेऊन मार्टिन डॉमिनिकन संघाच्या मठात गेला. काळ्या किंवा मूळ रहिवाशांच्या वंशातल्या माणसाला संघाचा पूर्ण सभासद होण्याची कायद्यानेच मनाई होती. म्हणून तो नोकर म्हणून राहिला. झाडलोट, धुणं, केस कापणं आणि मठातल्या आजाऱ्यांची सेवा ही त्याची कामं. संघात त्याला रीतसर ब्रदर म्हणून घेतलं ते पुष्कळ वर्षांनी.

आजाऱ्यांच्या खोलीत मार्टिनने उमराव आणि गुलाम यांत भेद केला नाही. असं सांगतात की, अंगभर फोड आलेल्या एका भिकाऱ्याला त्याने स्वतःच्या बिछान्यावर निजवलं. मठातल्या कुणी तरी चादरी खराब झाल्याबद्दल त्याला बोल लावला. मार्टिनचं उत्तर साधं होतं: चादर साबणाने धुता येते, कठोरपणा केल्याचा डाग धुणं अवघड. तो १६३९ मध्ये वारला आणि पोप जॉन तेविसावे यांनी १९६२ मध्ये त्याला संत जाहीर केलं. त्याच्या चित्रात हातात झाडू असतो आणि पायाशी कुत्रा, मांजर, उंदीर एकाच ताटलीत खात असतात.

मेडिसिन वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हा झाडू ओळखीचा वाटेल. डॉक्टर राउंड घेऊन जातात, सिस्टर इंजेक्शनं देते, पण लादी पुसणारी मावशी आली नाही तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभं राहवत नाही. संसर्ग रोखणारा पहिला हात तिचा असतो. आणि हाक मारताना, पगार मोजताना, चहा वाटताना तिची पाळी शेवटची असते. ३ नोव्हेंबरला मी घरी केलेला नारळाचा केक डब्यातून न्यायचे आणि पहिला तुकडा मावशीच्या हातावर ठेवायचे. मार्टिनची गोष्ट ऐकून आमच्या एका मावशीने त्याचं चित्र मागून घेतलं. बाई विठ्ठलाच्या भक्त होत्या, माळकरी होत्या. त्यांना त्या चित्रात काहीच परकं वाटलं नाही.

चिडचिडीवरचा उपाय

दिवसाचा मोठा वाटा मोठ्या संकटांत जात नाही, चिडचिडीत जातो. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकताना मिळणारा कोपर, रात्रपाळीत एकाच खाटेवरून दर दहा मिनिटांनी येणारी "सिस्टर, सिस्टर" ही हाक, घरी आल्यावर सिंकमध्ये तशीच पडलेली भांडी. या चिडचिडीवर मला सर्वांत जास्त कामी आली ती फ्रान्समधली एक तरुण मुलगी, लिझ्यूची तेरेजा.

तेरेजा १८७३ मध्ये जन्मली, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि १८९७ मध्ये क्षयाने वारली. तेव्हा ती २४ वर्षांची होती. मठाबाहेरच्या जगात तिने काही उभं केलं नाही. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून तिने आपल्या आठवणी लिहून काढल्या. 'एका आत्म्याची कथा' या नावाने त्या १८९८ मध्ये छापल्या गेल्या आणि जगभर पोचल्या. १९२५ मध्ये ती संत झाली. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चची आचार्य ही पदवी दिली. हा मान फार थोड्या संतांना मिळाला आहे.

त्या आठवणींत काय आहे? प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक सिस्टर तोंडाने सतत कसला तरी बारीक आवाज करायची. मागे वळून रागाने बघावं असं तेरेजाला वाटायचं. शेवटी तिने तो आवाज मन लावून ऐकायचं ठरवलं आणि ती त्या ऐकण्यालाच आपली प्रार्थना समजू लागली. धुणं धुताना समोरची सिस्टर मळकं पाणी तोंडावर उडवायची. तेरेजाने तोंड पुसणं सोडून दिलं आणि तीच जागा आपली म्हणून धरली. एका वृद्ध, किरकिऱ्या सिस्टरला ती रोज हाताला धरून जेवणघरात न्यायची. हळू गेलं तरी बोलणी, भराभर गेलं तरी बोलणी. जेवायला बसवल्यावर म्हातारीला पाव कापता येत नाही हे तिच्या लक्षात आलं. कुणी न सांगता ती पाव कापून द्यायची आणि निघताना हसून बघायची. म्हातारीचं मन जिंकलं ते या हसण्याने.

निवृत्तीनंतर माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची स्मृती गेली. "माझा भाऊ आला का?" हा प्रश्न त्या दिवसभर विचारत. भाऊ कधीच गेलेला. अशा वेळी मोठमोठी वचनं उपयोगाची नसतात. त्या पावाच्या तुकड्याची गोष्ट उपयोगी पडली. प्रश्न पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात उत्तर द्यायचं आणि भाताचा घास थोडा आणखी मऊ करायचा. घरोघरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या मुली-सुनांना आणि मुलांनाही मी तेरेजाची ओळख आवर्जून करून देते.

तेरेजाचं आणखी एक सांगायला हवं. शेवटचं दीड वर्ष तिच्या मनात अंधार होता, देव आहे असा अनुभवच येईना. तिचं नाव घेतलेल्या मदर तेरेसा यांचीही तीच कथा. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि कळलं की पन्नासच्या आसपास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. तरी कोलकात्यातलं काम एक दिवस थांबलं नाही. श्रद्धेचा ओलावा आटला की काम सोडावं असं वाटणाऱ्या प्रत्येकाने या दोघी आठवाव्यात.

आमच्या वसईचा गोन्सालो

संत म्हटलं की युरोपातली माणसं डोळ्यांपुढे येतात. पण भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा आहे. गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच कोकणातली. किल्ल्यातल्या येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे तो शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की धर्मगुरूंचं काम त्याच्यावाचून अडू लागलं. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मोठी आस होती. ती पुरी झाली नाही.

त्याने येशूसंघीयांची साथ सोडली, पण जपानी भाषा सोडली नाही. तो व्यापारात पडला, त्यात जमही बसला. पुढे फिलिपिन्समध्ये मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. तिथून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला आणि तिथला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर बोलणी करायला उभा राहिला. क्योतोमध्ये या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवलं. १५९६ च्या अखेरीस वारं फिरलं, अटक झाली. ऐन हिवाळ्यात कैद्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारलं. त्यांतला एक आमचा गोन्सालो. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या सर्वांना संत जाहीर केलं. गास गावचं चर्च आणि वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं आहे.

हौतात्म्य आपल्या वाट्याला येणार नाही. नकार मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या गावच्या मुलांना मी गोन्सालोच्या मरणापेक्षा त्याच्या नकाराची गोष्ट जास्त सांगते. मेडिकलला जागा मिळाली नाही, बँकेची परीक्षा हुकली, परदेशाचा व्हिसा आला नाही, की मुलं दिवसचे दिवस खोलीबाहेर पडत नाहीत. गोन्सालोला हवं ते दार उघडलं नाही, पण शिकलेली विद्या त्याने जपली. त्याच विद्येने त्याच्यासाठी दुसरं दार उघडलं.

एका वेळी एक उतारा

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत. ती सलग वाचायला घेतली तर वंशावळी आणि नियमांतच माणूस थकतो. म्हणून चर्चने वाचनाचा क्रम लावून दिला आहे. रविवारच्या मिस्सेतली वाचनं तीन वर्षांत फिरतात. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. इतर दिवसांचा क्रम दोन वर्षांचा. आज वसईच्या चर्चमध्ये जो उतारा वाचला जातो, तोच लिमा आणि मनिलातही वाचला जातो. मी सकाळी चहा ठेवला की त्या दिवसाचा उतारा वाचते आणि त्यातली एकच कृती मनाशी धरून बाहेर पडते.

मराठीत हे वाचन मिळणं हे आमचं भाग्य. गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' छापलं. आमच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांच्या सोप्या मराठीमुळे माझ्या वॉर्डातल्या हिंदू मैत्रिणींनीही हे पुस्तक उघडलं.

मला कामात आलेले तीन उतारे सांगते. पहिला जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याचा. राणी जिवावर उठली म्हणून तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मला आता मरू दे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला उठवून तापल्या दगडावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून जेवू घातलं. पुढची वाट त्यानंतर. नव्या नर्स मुली नाइट करून रडवेल्या व्हायच्या तेव्हा मी त्यांना आधी कॅन्टीनला पाठवायचे आणि मग बोलायचे. खचलेल्या माणसाला प्रथम जेवण आणि झोप लागते, हे बायबलने किती स्वच्छ सांगितलं आहे.

दुसरा ईयोबाचा. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेलेल्या या माणसाला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांचं तोवर बरोबर होतं. आठव्या दिवसापासून ते त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले आणि चुकत गेले. शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. वॉर्डात मृत्यू झाला की नातेवाइकांपाशी कसं उभं राहावं, हे मी इथून शिकले. पाण्याचा ग्लास द्यावा, स्टूल द्यावं, जवळ थांबावं. "देवाची इच्छा" असली वाक्यं बोलू नयेत.

तिसरा चांगल्या शमरोन्याचा दाखला, लूकच्या शुभवर्तमानातला. लूक हा वैद्य होता अशी परंपरा आहे आणि तो डॉक्टरांचा आश्रयदाता संत मानला जातो. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूपाशी परक्या जातीचा शमरोनी थांबतो. तेल आणि द्राक्षारस लावून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत रात्रभर सांभाळतो. सकाळी धर्मशाळावाल्याला दोन नाणी देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन असं सांगतो. आमच्या भाषेत याला फॉलो-अप म्हणतात. रस्त्यावर पडलेल्याला उचलणारे मी मुंबईत पुष्कळ पाहिले. चार दिवसांनी खाटेपाशी येऊन "औषधं मिळतात ना?" विचारणारे थोडे. दाखल्याचा अर्धा भाग त्या चौकशीत आहे.

आणि मन मोकळं करायला १५० स्तोत्रं आहेत. त्यांत आनंद आहे, तशी तक्रार आहे, संताप आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, पुढे दिलासा नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन ड्युटी करून आल्यावर मी तेच वाचायचे. देवाशी खोटं गोड बोलावं लागत नाही, याचाच मोठा आधार होता. त्याच दिवसांत गोव्यात बाणावलीला जन्मलेले फादर जोसेफ वाझ आठवायचे. डचांनी कॅथलिकांना बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये मजुराच्या वेषात शिरले. कँडीत हेर म्हणून पकडले गेले. पुढे १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनीही टाकलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं.

झोपण्यापूर्वी

संतचरित्रांनी माणूस बदलतो याचं ठळक उदाहरण संत इग्नेशियस. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने या स्पॅनिश योद्ध्याचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी पडल्या पडल्या त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा मिळाल्या. त्याला जाणवलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवली की वेळ मजेत जातो, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांविषयी विचार केला की समाधान टिकून राहतं. या निरीक्षणातून त्याने पुढे दिवसाची उजळणी करण्याची पद्धत घालून दिली. आधी दिवसभरात मिळालेल्याबद्दल आभार मानायचे, नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, सकाळपासूनचे प्रसंग आठवायचे, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्याची एक गोष्ट ठरवायची. पाच-दहा मिनिटं पुरतात. देव न मानणाऱ्यालाही प्रकाश मागायची पायरी सोडून हे करता येईल. माझ्या मुलाच्या एका मित्राने तसं सुरू केलं आहे.

सर्वांत अवघड पाठ

सगळेच संत आपल्या आवाक्यातले नसतात. सिस्टर राणी मारिया यांची कथा वाचली की मी आजही थबकते. केरळच्या या सिस्टर मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत. सावकारी पाशातून लोक सुटू लागल्याने काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात समंदर सिंह याने त्यांना भोसकून मारलं. काही वर्षांनी राणी मारिया यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली आणि त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी गेला. आईने त्याला जवळ केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना 'धन्य' जाहीर केलं, त्या सोहळ्याला तो हजर होता.

आमच्या भावकीत वाडीच्या बांधावरून बरीच वर्षं बोलणं बंद होतं. ही कथा आठवून सणाला मी पलीकडे केळीचा फणा घेऊन गेले. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही, पण पोरं आता एकमेकांच्या अंगणात खेळतात. राखी बांधणाऱ्या बहिणीपुढे हे फार छोटं आहे. तरी माझ्या आवाक्यातलं तेवढं होतं आणि ते मी केलं. संत आपल्याकडून यापेक्षा जास्त मागत नाहीत असं माझं मत आहे.

माझी वाचकांना विनंती आहे. तुमचा धर्म कुठलाही असो, या आठवड्यात एका संताचं चरित्र मिळवा. कॅथलिक मिळालं तर उत्तम, नाही तर आपले एकनाथ आहेत, गाडगेबाबा आहेत. चमत्कारांची पानं उलटून पुढे जा. त्या माणसाने कुणाच्या जखमा बांधल्या, कुणाचा राग गिळला, नकार आल्यावर कसा उभा राहिला, ते शोधा. त्यातली तुम्हाला झेपेल अशी एकच कृती निवडा आणि उद्या कामाला जाताना ती बरोबर घेऊन जा.